मासा भाजण्यासाठी छोटा ओव्हन

खानदेशात मासा म्हटला की काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा किंवा तेलात तळलेल्या तुकड्या, असेच बहुतेक घरांत चालते. सासऱ्यांना तेल-तिखट कमी करायला सांगितल्यापासून आम्ही जळगावच्या बाजारातून वीस लिटरचा, वर आणि खाली सळ्या तापणारा ओव्हन घेतला, ज्याला दुकानदार ओटीजी म्हणतात. केक-बिस्किटांच्या अंगाने या यंत्राविषयी पुष्कळ लिहिले जाते. मी येथे केवळ माशापुरते लिहिते.

या ओव्हनचा खरा दोष म्हणजे तापमानाचे बटण. ते २०० अंशांवर फिरवले तरी आत ठेवलेला तापमापक बराच खाली राहतो, शिवाय मागची बाजू पुढच्यापेक्षा अधिक तापते. मासा थोड्या वेळात शिजत असल्यामुळे हा फरक फार नडतो: आच कमी पडली तर तुकडी भाजण्याऐवजी सुटलेल्या पाण्यात नुसती उकडते, आणि ती कसर भरून काढण्यासाठी वेळ वाढवला की मांस कोरडे, चोथट होते. म्हणून ओव्हनबरोबरच स्वस्तातला वेगळा तापमापक अवश्य घ्यावा, ओव्हन दहा मिनिटे आधी तापवावा आणि मधे एकदा ट्रे फिरवावा.

एवढे सांभाळले की निकाल उत्तम मिळतो. दोन सेंटिमीटर जाडीची तुकडी २०० अंशांवर साधारण १२ ते १५ मिनिटांत होते. काट्याने दाबल्यावर मांसाच्या पाकळ्या सुटल्या आणि आतला काचेसारखा रंग जाऊन ते पांढरे झाले की लगेच बाहेर काढावे. आमच्याकडे सहज मिळणाऱ्या माशांत मरळ यासाठी सर्वांत योग्य वाटला, कारण त्याचे मांस घट्ट असते आणि काटे कमी असतात. रोहू चवीला चांगला असला तरी त्याच्या मांसात रुतलेले बारीक दुबेळके काटे भाजल्यावरही तसेच राहतात, त्यामुळे वृद्धांना आणि मुलांना तो जपून द्यावा लागतो.

काळा मसाला मात्र येथे वापरू नये. आधीच भाजलेला तो मसाला कोरड्या आचेत करपतो आणि माशाची चव पार झाकून टाकतो. आले, लसूण, हिरवी मिरची व कोथिंबिरीचे वाटण, हळद, मीठ, लिंबू आणि चमचाभर शेंगदाण्याचे तेल पुरेसे होते. तुकड्या ॲल्युमिनियमच्या कागदात बांधण्यापेक्षा केळीच्या पानात बांधाव्यात, कारण लिंबाचा आंबटपणा त्या कागदाला लागणे बरे नाही, आणि रावेर-यावलच्या पट्ट्यात पानांना तोटा नाही. पान गॅसवर हलकेच फिरवले की ते मऊ पडते आणि घडी घालताना फाटत नाही. आत वाफ कोंडल्याने मासा रसदार राहतो, आणि वरची घडी जरा करपली की तिचा मंद वास तुकडीला लागतो.

विजेचा बाऊ करण्याचे कारण नाही: १२०० वॅटचा ओव्हन अर्धा तास चालला तरी ०.६ युनिटच्या वर जात नाही. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा, तव्यासमोर तेलाच्या धुरात उभे राहावे लागत नाही, हे मला तेल वाचण्याइतकेच मोलाचे वाटते. मोठा मासा अख्खा भाजायचा असेल तर हा आकार पुरणार नाही. चार माणसांच्या तुकड्या एका ट्रेमध्ये नीट बसतात.