‘ड्रॅरी’ शोधताय? एओथ्री सापडवून देतं, पण दार बरोबर निवडा

कथा-मालिकांतल्या पात्रांच्या जोडीचं नाव चाहत्यांनी ठेवायचं ही रीत आता इतकी रुळली आहे की हॅरी आणि ड्रॅकोची ‘ड्रॅरी’, रॉन-हर्मायनीची ‘रोमायनी’, शेरलॉक आणि जॉनचं ‘जॉनलॉक’ हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खरी अडचण येते ती या नावावरून कथा शोधताना. एकच जोडी कुणी टोपणनावाने लिहितं, कुणी पूर्ण नावांनी, कुणी नावं उलटसुलट करून. हा गुंता सोडवण्याच्या कामात आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं संकेतस्थळ, म्हणजे सगळ्यांचं एओथ्री (AO3), कितपत उपयोगी पडतं तेवढंच इथे पाहू. बाकी ओळख थोडक्यात: ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था ते चालवते, 2009 पासून ते सर्वांसाठी खुलं आहे, जाहिरात नाही, बहुतेक कथा वाचायला खातं लागत नाही. 2019 मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

एओथ्रीवर प्रत्येक जोडीचा एक अधिकृत टॅग असतो. त्यात पूर्ण नावं आणि मध्ये तिरकी रेघ: ‘ड्रॅको मॅल्फॉय/हॅरी पॉटर’. क्रम साधारणपणे आडनावाच्या रोमन वर्णक्रमाने, म्हणून मालिकेचा नायक असूनही हॅरी दुसरा. ही तिरकी रेघ 1970 च्या दशकातल्या, ‘स्टार ट्रेक’मधल्या कर्क/स्पॉक जोडीच्या चाहत्यांची देणगी. रेघ असेल तर नातं प्रेमाचं, ‘&’ असेल तर मैत्रीचं किंवा घरचं. लेखकाने नुसतं ‘ड्रॅरी’ लिहिलं, तर टॅग रँगलर म्हणवणारे स्वयंसेवक ते अधिकृत टॅगचं समानार्थी म्हणून जोडून टाकतात. हे काम यंत्र करत नाही, माणसं करतात, आणि या सेवेचं निम्मं मोल तिथेच आहे. ‘वुल्फस्टार’सारखं नावात नाव न मिसळलेलं टोपणनावही म्हणूनच सहज सामावतं, हॅरी पॉटरमधल्या रीमस आणि सिरियस यांच्या नावाचा तुकडाही त्यात नाही, कुठलं सॉफ्टवेअर ते ओळखणार?

आता वापराचं. वरच्या कोपऱ्यातल्या साध्या शोधपेटीत टोपणनाव टाकू नका. ती पेटी शब्द जुळवते. ज्या कथेच्या शीर्षकात, सारांशात किंवा टॅगमध्ये ‘ड्रॅरी’ हा शब्दच आहे ती येते. फक्त अधिकृत टॅग लावलेल्या कथा निसटतात, आणि त्याच जास्त असतात. त्याऐवजी टॅग सर्चमध्ये जा, प्रकार ‘रिलेशनशिप’ निवडा, टोपणनाव रोमन लिपीत टाका. टॅगच्या पानावर तो कुठल्या अधिकृत टॅगला जोडला आहे ते लिहिलेलं असतं. तिथून त्या मुख्य टॅगच्या कथांवर गेलात की संपूर्ण साठा समोर. एखाद्या कथेवर टोपणनावाचाच टॅग दिसला तर त्यावर टिचकी मारली तरी तिथेच पोहोचता.

यादी आली की पुढची डोकेदुखी: जोडी कथेत नुसती मागे कुठेतरी उभी असते. टॅगांचा क्रम गाळणीला (फिल्टरला) कळत नाही, मुख्य जोडी पहिली लिहिली असली तरी. यावर उपाय म्हणजे ‘सर्च विदिन रिझल्ट्स’ या चौकटीत रोमन छोट्या अक्षरांत ‘ओटीपी: ट्रू’ (otp: true; ओटीपी म्हणजे ‘वन ट्रू पेअरिंग’, एकच खरी जोडी) लिहायचं. मग एकच जोडी असलेल्या कथा उरतात. किंमत अशी की दुय्यम जोडी प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या चांगल्या लांब कथाही गळतात. आधी नको असलेल्या जोड्या ‘एक्सक्लूड’मध्ये टाकून बघा, ओटीपीची कुऱ्हाड नंतर.

कुठे फसतं? पहिलं, संदिग्ध नावं. ‘सुपरनॅचरल’ या मालिकेच्या चाहत्यांना सॅम आणि गॅब्रिएल म्हणजे ‘सेब्रियल’. पण त्याच अक्षरांची 1995 ची गार्थ निक्सची कादंबरी आहे आणि तिची नायिकाही. अशा नावावर भरवसा ठेवू नये. दुसरं, नवी जोडी. टॅग हाताने जोडले जातात, त्यामुळे मालिका नुकतीच सुरू झाली असेल तर काही काळ चार टोपणनावं चार ठिकाणी विखुरलेली दिसतात. तिसरी तक्रार जपानी पद्धतीच्या चाहत्यांची, आणि ती रास्त आहे. ‘नारुतो’मधल्या सासुके आणि नारुतोची ‘सासुनारू’ आणि ‘नारुसासू’ ही नावं त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी, कारण जोडीत पुढाकार कुणाचा ते नावाच्या क्रमावरून कळतं. एओथ्री दोन्ही एकाच टॅगखाली आणतं. तो भेद हवा असेल तर अतिरिक्त टॅग चाळत बसावं लागतं.

लिहिणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण ती पाळाच: टोपणनाव ‘ॲडिशनल टॅग्ज’मध्ये टाकू नका. एका प्रकारचा टॅग दुसऱ्या प्रकाराला समानार्थी म्हणून जोडता येत नाही, म्हणजे तुमची कथा जोडीच्या यादीत येणारच नाही. ‘रिलेशनशिप’च्या रकान्यात दोनतीन अक्षरं टाइप केली की खाली अधिकृत नावं सुचवली जातात, त्यातलं निवडा. एका कथेला सगळे मिळून 75 टॅग लावता येतात. जागेची कंजुषी करायचं कारण नाही. प्रकाशित करायला खातं लागतं आणि ते निमंत्रणाने मिळतं: ईमेल देऊन रांगेत थांबायचं.

स्पर्धकांकडे बघितलं की फरक कळतो. फॅनफिक्शन डॉट नेटवर कथेला चारच पात्रं नोंदवता येतात, टोपणनावाला वेगळा रकाना नाही, ते सारांशात कोंबायचं. वॉटपॅडवर टॅग मोकळे, पण समानार्थी जोडणारं कुणी नाही. हिंदी मालिकांचे चाहते, म्हणजे कार्तिक-नायराची ‘कायरा’ किंवा मानिक-नंदिनीचं ‘मानन’ म्हणणारे, तिथे टोपणनावाचाच टॅग लावतात आणि वाचकही तेच शोधतो, म्हणून चालून जातं. पण रोमन लिपीत ‘मानन’ हे ‘मनन’ या साध्या नावासारखंच दिसतं, मग भलत्याच कथा मध्ये येतात. तीच कथा एओथ्रीवर टाकताना दोन्ही पात्रांची पूर्ण नावं तिरक्या रेघेने लिहा. भाषेच्या यादीत ‘मराठी’ आहे. मराठीत लिहिलं असेल तर तेही निवडायला विसरू नका, भाषेवरून गाळणी लावणाऱ्याला कथा सापडेल ती त्यावरूनच.