अल्ट्राह्यूमन रिंग एअर: रात्रीचा हिशेब चोख, दिवसाचा कच्चा

झोपताना मनगटावर घड्याळ सहन होत नसेल आणि तरीही झोप, ठोके, तापमान यांची रोजची नोंद हवी असेल, तर ही स्मार्ट अंगठी घ्यावी. पावलं मोजायला किंवा व्यायाम करताना ठोके बघायला हवी असेल तर घेऊ नये, त्यासाठी निम्म्याहून कमी पैशांतलं घड्याळ जास्त उपयोगी पडेल.

रिंग एअर बंगळुरूच्या अल्ट्राह्यूमन कंपनीची आहे. छापील किंमत 28,499 रुपये, सवलतीच्या दिवसांत त्याहून खाली येते. कवच टायटॅनियमचं, त्यावर टंगस्टन कार्बाइडचा लेप. रुंदी 8.1 मिलिमीटर, जाडी अडीच ते पावणेतीन मिलिमीटर, वजन मापाप्रमाणे 2.4 ते 3.6 ग्रॅम. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते. मूळ आकड्यांसाठी महिन्याची वर्गणी नाही, आणि हा मुद्दा मोठा आहे. फिनलंडच्या ऑरा कंपनीच्या अंगठीला अमेरिकेत महिन्याला 5.99 डॉलर मोजावे लागतात, न मोजल्यास ॲपमध्ये बघण्यासारखं फार थोडं उरतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी रिंगलाही वर्गणी नाही, पण ती 2024 मध्ये भारतात आली तीच 38,999 रुपयांना, आणि आयफोनवर ती चालत नाही. घरात दोन्ही प्रकारचे फोन असतील आणि पुढे फोन बदलण्याची शक्यता असेल, तर रिंग एअरचं पारडं जड ठरतं.

आता मापाकडे या, कारण अंगठीचे निम्मे घोटाळे इथेच होतात. सोनाराकडचं माप इथे उपयोगाचं नाही. आपल्याकडचे मापाचे आकडे वेगळे आणि या कंपन्या अमेरिकी आकडे वापरतात. शिवाय सोन्याची अंगठी आतून सपाट असते, हिच्या आत सेन्सरचे उंचवटे असतात, त्यामुळे तोच घेर जास्त घट्ट बसतो. दुसऱ्या कंपनीच्या स्मार्ट अंगठीचं मापही गृहीत धरू नका. कंपनी आधी प्लॅस्टिकच्या नमुना अंगठ्यांचा संच पाठवते. त्यातली एक निवडून पूर्ण 24 तास घालून ठेवा, रात्रीच्या झोपेसकट. बोट दिवसभरात एकाच जाडीचं राहत नाही. उकाड्यात, चालून आल्यावर, लोणचं-पापड असं खारट जेवण झाल्यावर ते फुगतं; थंडीत, एसीत आक्रसतं. मुंबई-कोकणच्या मे महिन्यात नेमकी बसलेली अंगठी डिसेंबरमध्ये पुण्यात सैल होऊ शकते. दोन मापांमध्ये अडकलात तर रात्रीच्या वेळी जी नीट बसते ती घ्या, कारण खरं काम रात्रीचं आहे. नमुना सांध्यावरून जाताना किंचित अडला पाहिजे, पण ओढून काढावा लागता कामा नये. आणि बोटाच्या बुडाशी बसल्यावर अंगठ्याने ढकलल्याशिवाय फिरता कामा नये.

बोट कोणतं? तर्जनी सगळ्यात चांगली, मग मधलं, मग अनामिका. ज्या हाताने जास्त काम करता त्याच्या उलट हातात घाला, म्हणजे ओरखडे आणि खोटी हालचाल दोन्ही कमी. शेजारच्या बोटात हिऱ्याची किंवा खड्याची अंगठी असेल तर लेपाची वाट लागणार हे धरून चाला, हिऱ्यापुढे टंगस्टन कार्बाइड टिकत नाही.

आतले सेन्सर तळहाताच्या बाजूला हवेत. कारण साधं आहे. अंगठी त्वचेत प्रकाश सोडते आणि परत आलेला प्रकाश मोजते. प्रत्येक ठोक्यासरशी बोटातलं रक्त वाढतं-घटतं, तसा हा प्रकाश कमी-जास्त होतो. बोटाच्या तळहाताकडच्या बाजूला केशवाहिन्या दाट असतात, म्हणून तिथे संकेत मनगटापेक्षा स्वच्छ मिळतो. झोपेत अंगठी फिरून सेन्सर वरच्या बाजूला गेले की आलेखात भगदाडं पडतात. अशी भगदाडं आठवड्यात दोनतीनदा दिसली तर ॲपला दोष देण्याआधी माप तपासा. बोटं गार पडली असतील तरीही हेच होतं, कारण थंडीत तिथला रक्तपुरवठाच कमी होतो. सेन्सरवर क्रीमचा किंवा साबणाचा थर असेल तेव्हाही.

पहिले दोन आठवडे आकड्यांकडे फार लक्ष देऊ नका. त्या काळात ॲप तुमची सरासरी ठरवत असतं, आणि पुढचं सगळं त्या सरासरीच्या तुलनेत असतं. रोज सकाळी दिसणारा झोपेचा गुण, शंभरापैकी बहात्तर वगैरे, हा कंपनीने आपल्या सूत्राने बनवलेला आकडा आहे. त्यापेक्षा खालचे कच्चे आकडे वाचायला शिका.

त्यातला सगळ्यात भरवशाचा म्हणजे रात्रीचे सगळ्यात कमी ठोके आणि ते किती वाजता आले ती वेळ. शांत झोपेत ठोके हळूहळू उतरतात, मध्यरात्रीच्या आसपास किंवा नंतर तळाला जातात आणि पहाटे पुन्हा चढू लागतात. साडेदहाला भरपेट जेवून अकराला अंथरुणावर पडलात, तर पचनाचं काम चालू राहतं आणि तळ थेट पहाटेवर ढकलला जातो. दारूने हेच आणखी ठळक होतं: ठोके वर, एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतरातला बदल) खाली, आणि तेही झोपेचे तास पुरे असताना. जेवण साडेसातला आणलं की वक्रात पडणारा फरक आठवड्याभरात दिसू लागतो. या अंगठीतून मिळणाऱ्या सगळ्या माहितीत रोजच्या वागण्यावर लगेच परिणाम करणारी गोष्ट हीच आहे आणि केवळ एवढ्यासाठीही तिचे पैसे वसूल होतात असं ठामपणे म्हणता येईल.

एचआरव्ही म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधल्या अंतरात होणारा बदल, मिलिसेकंदात. तो माणसामाणसात प्रचंड वेगळा असतो आणि वयाप्रमाणे उतरतो. नवऱ्याचा 70 आणि बायकोचा 35 म्हणून कुणी आजारी ठरत नाही. स्वतःची सात दिवसांची सरासरी आधीच्या महिन्याशी ताडून बघा, एका रात्रीच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका.

त्वचेचं तापमान हे थर्मामीटरचं तापमान नव्हे. बोटाचं तापमान खोली, पंखा, पांघरूण यांनी हलतं, म्हणून नेहमीच्या पातळीपासून किती अंश वर-खाली एवढंच वाचायचं. दोन ठिकाणी ते फार कामाचं आहे. एक, आजारपणाची चाहूल: शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने चढलं की ठोके मिनिटाला साधारण आठ-दहाने वाढतात, त्यामुळे तापमान आणि ठोके एकाच रात्री वर गेले तर दुसऱ्या दिवशीचा जिम रद्द करणं शहाणपणाचं. दोन, मासिक पाळी: बीजविमोचनानंतर तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंशांनी वर जाऊन पाळी येईपर्यंत टिकतं. ही पायरी आलेखात दिसते, पण ती दिसेपर्यंत बीजविमोचन होऊन गेलेलं असतं. म्हणून गर्भनिरोधनासाठी यावर विसंबू नये.

झोपेचे टप्पे मात्र अंदाजानेच घ्या. गाढ झोप आणि रेम (स्वप्नांची) झोप खऱ्या अर्थाने ओळखायची तर मेंदूतल्या विद्युतलहरी मोजाव्या लागतात, झोपेच्या प्रयोगशाळेत त्यासाठी डोक्याला इलेक्ट्रोड लावतात. अंगठी हालचाल, ठोके आणि एचआरव्ही यांवरून तर्क करते. एकूण झोपेचे तास बऱ्यापैकी जुळतात, 'गाढ झोप 48 मिनिटं' हा आकडा तितका पक्का नसतो. निपचित पडून छताकडे बघणाऱ्या माणसाला ती झोपलेला समजते, त्यामुळे निद्रानाश असलेल्यांना ती खोटा दिलासा देऊ शकते. रात्रपाळी करून दिवसा दोन तुकड्यांत झोपणाऱ्या नर्स, सुरक्षारक्षक, कॉल सेंटरवाले यांनी एकूण तासांवर लक्ष ठेवावं; त्यांच्या बाबतीत वेळेबद्दलचे गुण कापले जाणारच, त्याचा त्रास करून घेऊ नये.

रक्तातल्या प्राणवायूचा आकडा रात्री पुन्हापुन्हा 90 च्या खाली दिसत असेल, जोडीला मोठ्याने घोरणं, श्वास अडकून जाग येणं आणि दिवसा पेंग असेल, तर आलेख घेऊन डॉक्टरांकडे जा आणि झोपेची तपासणी करून घ्या. आकडा चांगला दिसतो म्हणून तपासणी टाळणं मात्र चूक. अंगठीने झोपेतला श्वासरोध नाही असं सिद्ध होत नाही.

दिवसाची बाजू कच्ची आहे. अंगठी पाऊल मोजत नाही, हाताची हालचाल मोजते. कणिक मळणं, भांडी घासणं, भजनात टाळ वाजवणं, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीचं हँडल धरणं, यातलं काहीही पावलांत जमा होऊ शकतं. उलट बाबागाडी ढकलत किंवा दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन चाललेलं अंतर कमी भरतं. डंबेल धरला की मूठ आवळते, बोटातलं रक्त दाबलं जातं आणि ठोक्यांचा आकडा भरकटतो. धावताना अचूक ठोके हवेत तर छातीचा पट्टा बांधा.

जिममध्ये तर अंगठी काढूनच ठेवा. बारवरची खरखरीत नक्षी लेप घासते, आणि अंगठी कशात अडकून शरीराचं वजन तिच्यावर आलं तर बोटाची कातडी सोलवटून निघण्याइतकी गंभीर इजा होते. लोकलच्या दारातल्या दांड्याला लटकताना किंवा गेटवरून उडी मारतानाही हाच धोका. पाण्याची भीती नाही, 100 मीटरपर्यंतची खात्री कंपनी देते. पण साबण आणि ओल आत अडकून कातडी लाल होते, म्हणून आंघोळीनंतर अंगठी काढून बोट आणि आतली बाजू कोरडी करा. पुरळ आलं तर दोन दिवस दुसऱ्या बोटात घाला.

बॅटरी हा या सगळ्या जातीचा कमजोर दुवा. रिंग एअरमध्ये 24 मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी आहे. आजच्या फोनमध्ये साधारण 5000 ची असते. कंपनी चार ते सहा दिवस सांगते. सगळी मोजणी चालू असताना चारच्या आसपास धरा. ॲपमध्ये टर्बो आणि चिल असे दोन मोड आहेत. प्रवासात चिल लावला की एखादा दिवस वाढतो, बदल्यात नोंदी विरळ होतात. ही बॅटरी बदलता येत नाही. ती संपली की अंगठी संपली, म्हणून 28 हजारांचा हिशेब दोन-तीन वर्षांवर मांडा. वॉरंटी एका वर्षाची आहे, बिल जपून ठेवा.

आयुष्य वाढवायचं तर ती शून्यावर नेऊन ठेवू नका. रोज आंघोळ-चहाच्या वेळात वीस-पंचवीस मिनिटं चार्जरवर ठेवली तरी पुरते, आणि 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान राहिलेली लिथियम बॅटरी जास्त टिकते. उष्णता तिची शत्रू. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ती विसरणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य एका दुपारी कमी करणं. चार्जर अंगठीच्या मापाप्रमाणे येतो, त्यामुळे घरात दोघांच्या अंगठ्या असतील तर दोन्ही चार्जरवर नावं लिहून ठेवा.

बाजारात दोन-तीन हजारांच्या काही अंगठ्या सुई न टोचता रक्तातली साखर आणि रक्तदाब दाखवतो म्हणतात. साखरेचा दावा सरळ फेटाळा. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने, स्पष्ट सांगितलं की टोचल्याशिवाय स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. तसा आकडा बघून इन्सुलिनचा डोस ठरवणं जिवावर बेतू शकतं. अल्ट्राह्यूमनच्या ॲपमध्ये साखर दिसते ती दंडावर लावायच्या वेगळ्या सेन्सरमधून, अंगठीतून नव्हे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी घेणार असाल तर थांबा. ऑराने दाखल केलेल्या पेटंटच्या खटल्यात तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने अल्ट्राह्यूमनच्या विरोधात निकाल दिला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये आयातबंदी लागू झाली. तिथे दुरुस्ती-बदली मिळेल का हे कंपनीकडून लेखी विचारून मगच पैसे भरा.

एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी अंगठी काढलीच पाहिजे. शस्त्रक्रियेआधी आणि बाळंतपणाच्या शेवटच्या महिन्यांत, हातापायांना सूज येऊ लागली की तेव्हाही. बोटात अडकलीच तर हात डोक्याच्या वर पाच मिनिटं धरा, बोट गार पाण्यात बुडवा, साबणाचं पाणी किंवा खोबरेल लावा आणि पुढे ओढण्याऐवजी हळूहळू फिरवत काढा. बोट निळं पडत असेल किंवा बधिर होत असेल तर घरचे प्रयोग सोडून थेट रुग्णालयात जा. तिथे पोचताच सांगा की ही टायटॅनियमची आहे आणि आत लिथियम बॅटरी आहे: साधं सोनं कापायचं कटर टायटॅनियमवर चालेलच असं नाही, आणि बॅटरीवर पातं गेलं तर ती पेट घेऊ शकते. अंगठीचा आतला भाग फुगलेला दिसला किंवा चार्ज होताना ती चटका देण्याइतकी तापली, तर ती पुन्हा बोटात घालू नका, चार्जरवरही ठेवू नका. कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नको, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या.