व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप की कामाच्या पाळ्या लावायचं अ‍ॅप?
बेळगावात 1905 पासून सार्वजनिक गणेशोत्सव आहे. कार्यकर्ते जमवायची रीत मात्र तीच, ‘सगळ्यांनी या रे!’ आता ही हाक व्हॉट्सअ‍ॅपवर पडते, एवढंच. अंगठे भरपूर उठतात, येतात ते नेहमीचेच.

पाळ्यांच्या अ‍ॅपमध्ये काम तुकड्यांत मांडता येतं : विसर्जनाच्या कपिलेश्वर तलावाजवळ सकाळी 6 ते 8, चौघे हवेत. उद्यमबागेत फाउंड्रीत दुपारपाळी करणारा पोरगा जमेल ती वेळ धरतो. चौघे झाले की यादी बंद. ऐनवेळी अडचण आली तर तो नाव काढतो आणि रिकामी जागा लगेच इतरांना दिसते. ग्रुपवर हेच करायचं तर ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांतून मेसेज शोधत बसा! विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते, तिथे हा फरक फार मोठा. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुली मागे राहतात त्याचं हेही एक कारण असावं.

पुरात मदतीला माणसं जमवायची गोष्ट वेगळी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा, मलप्रभा, घटप्रभा एकदम फुगल्या. अशा वेळी पाळ्या लावत कोण बसणार? तिथे ग्रुपवरचा एक व्हॉइस मेसेजच बरा. आणि कणकुंबीकडे पावसात रेंज गेली तर दोन्ही फुकट, माणूसच धाडायचा.

मंडळांनी अ‍ॅप घ्यावं, पण मराठी आणि कन्नड दोन्ही असलेलं. साधा फोन वापरणाऱ्या काकांचं नाव दुसऱ्याला घालता यायला हवं.