‘तुमच्या मॉडेलचा पूर्ण संच’: आरव्हीच्या सुट्या भागांत गेलेले १,०८० डॉलर

आरव्हीत, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, कायम राहणाऱ्यांसाठी ‘तुमच्या मॉडेलला जुळणाऱ्या सुट्या भागांचा पूर्ण संच’ विकणाऱ्या एका विक्रेत्याने माझ्याकडून १,०८० डॉलर उकळले: संचाचे ८६५, ‘जुळवणी शुल्क’ म्हणून १२० आणि पाठवणीचे ९५. बदल्यात आलेल्या खोक्यांतील फ्यूज, होजक्लॅम्प आणि सीलंटची एक नळी सोडली, तर वापरण्याजोगी एकही वस्तू निघाली नाही. तक्रार प्रलंबित असल्याने नाव लिहीत नाही. पद्धत तुमच्या ओळखीचीच आहे.

तयार संच घेतलाच कशाला, असे विचारणाऱ्यांचे घर बहुधा चाकांवर नसते. गाडीची भारवहनाची मर्यादा पाणी, गॅस आणि संसार यांतच बरीचशी संपते, त्यामुळे कोणता भाग जवळ बाळगायचा आणि कोणता वाटेत मिळेल म्हणून सोडायचा, हे ठरवताना प्रत्येक किलोचा हिशेब करावा लागतो. आडरानात चाकाचे बेअरिंग गेले की घर तिथेच अडकते. अशा वेळी ‘सगळे आम्ही निवडून देतो’ म्हणणारा माणूस हवासा वाटतो, आणि हा तर जाणकारासारखा बोलत होता. बेअरिंगबरोबर ग्रीस सीलही (ग्रीस बाहेर येऊ न देणारी कडी) नवे घालावे, हे त्याने न विचारता सांगितले. त्याच्यावर संशय कोणी घेतला असता?

खटकायला हवे होते ते त्याच संभाषणात. त्याने मॉडेलचे नाव, वर्ष, लांबी आणि चासी क्रमांक एवढेच विचारले. ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आसावरच्या, माहितीपट्टीचा फोटो मागितला नाही, वॉटर हीटर कोणत्या कंपनीचा आहे किंवा पंपावर कोणता क्रमांक आहे, हेही नाही. आरव्ही बांधणाऱ्या कंपन्या ॲक्सल, हीटर, फ्रिज आणि पंप बाहेरून घेतात, आणि एकाच वर्षीच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही वेगवेगळ्या पुरवठादारांचे भाग निघू शकतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. चासी क्रमांकावरून तो कंपनीकडच्या नोंदी तपासत असेल आणि १२० डॉलर त्याच कामाचे असतील, असे मी धरून चालले. शुल्काचे नावच तसे होते. जो भागाचा क्रमांक विचारत नाही, त्याच्याकडून भाग घेऊ नका.

माझ्या ३,५०० पौंड भार पेलणाऱ्या ॲक्सलला आतल्या बाजूस एल६८१४९ आणि बाहेरच्या बाजूस एल४४६४९ बेअरिंग लागते. संचात दोन्हीकडे एल४४६४९ होते, म्हणजे आतल्या बाजूच्या सुमारे ३५ मिलिमीटरच्या स्पिंडलवर (चाक ज्यावर फिरते त्या दांड्यावर) २७ मिलिमीटर भोकाचे बेअरिंग. बाहेरचे तरी वापरू म्हटले, तर त्यावरचा क्रमांक ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने एका हातात पुसला गेला. नावाजलेल्या कंपनीचा क्रमांक धातूतच उमटवलेला असतो. माझ्या हीटरची टाकी ॲल्युमिनियमची, तिला ॲनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून आत बसवायची सळई) लागतच नाही, आणि संचात मात्र दोन रॉड. व्हर्निअर कॅलिपर जवळ ठेवा. जुना भाग मापूनच नवा मागवा.

सर्वांत जास्त चीड येते ती संचातल्या टायरच्या, विक्रेत्याने आधी दाखवलेल्या फोटोची. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार अंक बहुधा टायरच्या एकाच बाजूवर असतात. फोटोत दिसत होती दुसरी बाजू. हातात आलेल्या टायरवर ‘१४१५’ होते, म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा. नवा म्हणून विकलेल्या टायरच्या खाचांत बारीक भेगा पडलेल्या होत्या. त्या चार अंकांचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

पैसे थेट हस्तांतराने दिले होते, कारण कार्डावर तो चार टक्के जास्त मागत होता. तेवढे वाचवणे हा काही गुन्हा नव्हे. मात्र बँकेने व्यवहार ‘तुम्ही स्वतः मंजूर केला’ एवढ्या एका वाक्यावर फाईल बंद केली. पोलिसांनी आधी कायमचा पत्ता विचारला. घर चाकांवर आहे म्हटल्यावर, टपालाचा पत्ता जिथला आहे तिथे तक्रार करा, असे सांगण्यात आले. तिथल्या ठाण्याने विक्रेत्याच्या गावाकडे बोट दाखवले. आणि त्या गावच्या ठाण्याने, माल पोहोचलेला असल्यामुळे हा दिवाणी वाद आहे, असे कळवले. म्हणजे बनावट बेअरिंग खोक्यात भरून पाठवले की फसवणूक उरत नाही, काहीच पाठवले नसते तर मात्र उरली असती! ग्राहक तक्रार कक्षाच्या अर्जात तर राहत्या पत्त्याचा रकाना सक्तीचा आहे आणि वाहनतळाचा पत्ता त्यात स्वीकारला जात नाही. गाडीचा कर आणि विम्याचा हप्ता घेताना आमचा पत्ता कोणाला अडत नाही. दरम्यान विक्रेत्याने ‘सद्भावना म्हणून’ ७५ डॉलर देऊ केले, अट एकच, तक्रार मागे घ्यावी. मी नाकारले, असे पैसे घेतले की वाद मिटल्याचा लेखी पुरावा त्यालाच मिळतो.

असाच ‘जुळवणी शुल्क’ लावलेला संच कोणाकडे आला असेल, तर खोके फेकू नका. त्यावरची पाठवणीची चिठ्ठी, बेअरिंगचे वेष्टन आणि टायरच्या दोन्ही बाजू यांचे फोटो काढून ठेवा, आणि तक्रारीत माल ‘सदोष’ नव्हे, तर ‘बनावट’ आहे असे स्पष्ट लिहा. माझ्या पहिल्या अर्जातील ‘सदोष’ या शब्दावरही बोट ठेवूनच विक्रेत्याच्या गावच्या ठाण्याने वाद दिवाणी ठरवला.