जेलचा फोटो मोजायला इमेजजे घ्यावं की जेलॲनालायझर?

यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानातून डीएनए काढून क्राय१एसी या बीटी कपाशीतल्या कीडरोधक जीनचा पीसीआर लावला (म्हणजे त्या जीनच्या तुकड्याच्या प्रती वाढवल्या), जेल चालवलं (म्हणजे तुकडे आकारानुसार वेगळे केले), फोटोही काढला. पुढे तो फोटो कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा? दोन्ही फुकट आहेत, दोन्ही नेटशिवाय चालतात. फरक आहे तो कामाचा आणि सेटिंगचा.

नमुना बीटी आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर जेलॲनालायझर घ्या. लेन (एकेका नमुन्याचा उभा पट्टा) आणि बँड (त्यातली डीएनएची आडवी रेघ) ते स्वतः शोधतं. लॅडरच्या (आकार आधीच माहीत असलेल्या तुकड्यांच्या) बँडना बेसपेअरचे (डीएनएच्या लांबीचे) आकडे दिले की बाकीच्या बँडचे आकार काढून देतं. लेन मात्र एकदा डोळ्यांनी तपासा. जेल तिरकं असेल तर आपोआप आखलेली लेन शेजारच्या लेनमध्ये घुसते. आकार अपेक्षेप्रमाणे निघाला आणि कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) बरोबर आले की काम झालं. साध्या पीसीआरचा बँड ठळक दिसतो म्हणून मूळ डीएनए जास्त होता असं होत नाही, त्यामुळे इथं टक्केवारी काढण्यात अर्थ नाही.

बँडची तीव्रताच मोजायची असेल, समजा प्रोटीनच्या जेलवर, तर इमेजजे. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी ते १९९७ साली सुरू केलं. फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून नेलं तरी चालतं. पण इथं सगळं हातानं करावं लागतं: लेन आखा, आलेख काढा, आलेखातल्या प्रत्येक बँडच्या शिखराखाली रेघ ओढा. आधी ‘ॲनालाइझ’मधून ‘जेल्स’मध्ये जाऊन ‘जेल ॲनालायझर ऑप्शन्स’ उघडा. आलेखात शिखरांच्या जागी खड्डे दिसले तर ‘इन्व्हर्ट पीक्स’वर टिक करा. ‘अनकॅलिब्रेटेड ओडी’ (ओडी म्हणजे रंगाचा गडदपणा) हा पर्याय इथिडियम ब्रोमाइड या चमकणाऱ्या रंगाच्या फोटोला लावू नका. तो कुमासीसारख्या (प्रोटीनच्या निळ्या) रंगानं रंगवलेल्या जेलसाठी आहे. ‘सबट्रॅक्ट बॅकग्राउंड’ची (मागची पार्श्वभूमी वजा करायच्या सोयीची) त्रिज्या मुळात ५० पिक्सेल असते. बँड त्याहून रुंद असेल तर ती वाढवा, नाहीतर बँडच खरवडला जातो.

आपल्याकडच्या लायनीचं (विजेचं) काय सांगावं! इमेजजे आपली सेटिंग बंद होताना फाइलमध्ये लिहितं. सेटिंग बदलल्यावर एकदा नीट बंद करून पुन्हा उघडा. मधेच लाईन गेली तर बदल गेला. शिवाय ती फाइल विंडोजच्या खात्यागणिक असते. एकाच खात्यावर चार पोरं काम करत असतील तर कालच्या पोराची सेटिंग आज तुमच्या जेलला लागते. वहीत सेटिंग टिपायची सवय त्यासाठीच.

कॉलेजात बायो-रॅड कंपनीचं जेलचे फोटो काढायचं यंत्र असेल तर त्यासोबतचं इमेज लॅब वापरा. अती उजळून वाया गेलेले पिक्सेल ते लाल दाखवतं. फोटो मात्र १६-बिट टिफमध्ये काढून ठेवा. त्यात ६५,५३६ छटा राहतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपेगवर मोजमाप करायचं नाही, मग सॉफ्टवेअर कोणतंही असो.