चेनसॉची चेन घ्यायला जाताय तर बार काढून सोबत न्या, हे दुकान मोजूनच देतं

साडेचार तारे द्यायचे होते पण अर्धा देता येत नाही म्हणून पाच दिले. गोव्यात फोंड्याला, म्हापशाला मशीन रिपेरिंगची दुकानं बरीच आहेत आणि चेन सगळ्यांकडेच लटकवलेल्या असतात, पण चेन मागितल्यावर आधी "बार हाडला?" म्हणजे बार आणला का असं विचारणारं दुकान मला हे एकच भेटलं. बार म्हणजे चेन जिच्या कडेच्या खाचेत फिरते ती लांब पट्टी. माझ्या मते चेनसॉवाल्याने दुकान पारखायला एवढा प्रश्न पुरे. बाकीकडे विचारतात किती इंची, आपण वीस म्हटलं की वीस इंचीची चेन हातात, पैसे द्या आणि चला. अहो पण इंच म्हणजे फक्त बारची लांबी, त्यावरून चेन त्या बारला लागेल की नाही काही कळत नाही.

आमची बागायत सत्तरीत, माड, पोफळी, थोडे काजू आणि कडेला फणस नि अकेशिया. मशीन ५८ सीसीचं, बार २० इंची. ह्याच्या आधीची चेन दुसऱ्या एका ठिकाणची (नाव लिहीत नाही), त्यांनीच मशीन बघून दिली आणि चढवूनही दिली. पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर) ०.३२५ इंच बरोबर, लिंक (खाली खाचेत धावणारे दात) ७६ बरोबर, मशीन फिरलं, सगळं ठीक वाटलं. पण चेनचं गेज, म्हणजे त्या खाचेतल्या दाताची जाडी, ०.०५० इंच आणि बारची खाच ०.०५८. म्हणजे १.३ मिमीची चेन १.५ मिमीच्या खाचेत. फरक ०.२ मिमीचा, दोन कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढा, आणि तेवढ्यानेच वाट लागली. फणसाचं खोड कापताना काप सरळ खाली न जाता एका बाजूला वळत जायचा, मध्येच बार अडकायचा, जोर लावला की बार तापून वास यायचा, चेन टाइट केली तरी थोड्या वेळाने परत ढिली, आणि एकदा तर चालू मशीनवर चेन उतरली. ते फार वाईट. हाताला काही झालं नाही हे नशीब.

तर इथे मशीन घेऊन गेलो. काउंटरवरचे मामा वयस्कर आहेत, बोलतात कमी. त्यांनी खाच मोजायचं काही काढलं नाही, आधी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेतला आणि डाव्या उजव्या दोन्ही बाजूच्या कटर दातांची लांबी मोजली. का विचारलं तर म्हणाले काप वाकडा जातो त्याची दोन कारणं असतात, एका बाजूचे दात जास्त घासले गेले असतील तरी असंच होतं, ते आधी बघायचं. दात सारखे निघाले. मग चेन ढिली केली, बारच्या मधोमध चेन बोटांत धरली आणि एकदा डावीकडे एकदा उजवीकडे कलवली. चेन चांगलीच कलत होती, दात अक्षरशः तिरके उभे राहत होते. नीट जुळलेली चेन जरा हलते, पण अशी आडवी पडत नाही. हे कुणीही घरी बघू शकतो, पेट्रोलचं मशीन असेल तर बंद आणि थंड करून, ग्लोव्हज घालून बघा.

मग बार काढला. खाचेत तेल आणि भुशाचा काळा लगदा घट्ट बसला होता, तो त्यांनी हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने ओढून ओढून काढला, तेल येतं ते भोकही साफ केलं. त्यानंतर फिलर गेजच्या (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या) पात्या खाचेत घालून बघितल्या, तेही एका जागी नाही तर मागे, मध्ये आणि टोकाजवळ असं तीन ठिकाणी, कारण बारच्या कडा सगळीकडे सारख्या झिजत नाहीत. आणि जुन्या चेनचा ड्राइव्ह लिंक, म्हणजे खाली खाचेत धावतो तो दात, तो व्हर्नियरमध्ये धरून मला आकडा दाखवला. गेज म्हणजे हीच जाडी.

एक गोष्ट मला आवडली ती सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. ड्राइव्ह लिंकवर बारीक आकडा ठोकलेला असतो, तेल पुसून उजेडात धरला की दिसतो. ओरेगॉन कंपनीच्या ०.३२५ पिचच्या चेनवर २० म्हणजे ०.०५०, २१ म्हणजे ०.०५८ आणि २२ म्हणजे ०.०६३. माझ्या जुन्या चेनवर स्वच्छ २० होता! स्टिल (Stihl) कंपनीची पद्धत वेगळी, तिथे एकच अंक, १ असेल तर १.१ मिमी, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. बारवर सुद्धा शेपटीकडच्या बाजूला पिच, गेज आणि लिंकची संख्या छापलेली असते, पण आपल्याकडे बार इतके घासून काळे झालेले असतात की ते वाचता येत नाही, तिथे मोजण्याला पर्याय नाही. मशीनच्या मॉडेलवरून अंदाज लावायचा तर तोही धोका, लहान मशीनमध्ये ३/८ इंच पिचची लो प्रोफाइल (कमी उंचीची) चेन १.१ ची पण येते आणि १.३ ची पण, बार कुठला बसवलाय त्यावर सगळं.

पिच, गेज आणि लिंक हे तिन्ही जुळलं तरच चेन आपली. पिच मोजायचा तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं (कड्या जोडणाऱ्या खिळ्यांमधलं) अंतर घ्यायचं आणि अर्धं करायचं, तो स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, जुळला पाहिजे, मागच्या पण आणि बारच्या टोकाच्या पण. पिच चुकला तर चेन बसतच नाही किंवा लगेच समजतं. लिंक कमी जास्त झाल्या तरी लगेच समजतं. गेज जाड घेतलं तर दात खाचेत उतरत नाही, तेही लगेच समजतं. पण गेज बारीक घेतलं तर काहीच समजत नाही, मशीन चालतं, दुकानदार म्हणतो चालतं, आणि बारच्या कडा हळूहळू एका बाजूने खाल्ल्या जातात, म्हणून मला ह्या "चालतं" शब्दाचा राग आहे. बार हा चेनपेक्षा महाग असतो हो.

मी त्यांना असंही विचारलं की १.३ चा बार झिजून रुंद झाला तर त्यात १.५ ची चेन घालतात लोक, ते बरं का. साफ नाही म्हणाले. कडा झिजल्या म्हणजे त्या सरळ राहिलेल्याच नसतात, आणि टोकाचा स्प्रॉकेट मूळ गेजलाच बनवलेला असतो.

माझा बार मात्र टाकायची वेळ आली नव्हती. नवीन बार सहज गळ्यात मारता आला असता, मारला नाही. कडांना बाहेरच्या बाजूने पातळ ओठ फुटले होते ते चपट्या कानसेने काढले, दोन्ही कडा एका उंचीला आणल्या आणि बार उलटा करून बसवला, आणि दर वेळी चेन काढली की बार उलटवत जा असं सांगितलं. चेन तयार पाकिटातली नाही, रिळावरून ७६ लिंक माझ्यासमोर मोजल्या, तोडली, जोडायची कडी घालून रिव्हेट मशीनवर फिरवून बसवला, आणि ती जोडलेली कडी बाकीच्यांसारखी मोकळी वाकते का ते दोनदा बघितलं. ह्या जागी रिव्हेट घट्ट राहिला तर चेन झटके मारते.

त्यानंतर काम बरंच झालंय. वादळात पडलेला माड कापला, माडाचा बाहेरचा भाग किती कडक असतो ते ज्याने कापलाय त्यालाच माहीत, काप सरळ उतरला. बार गरम होतो तेवढाच जेवढा व्हायला पाहिजे. धार लवकर जाते ती आमच्या चिऱ्याच्या जमिनीमुळे, बुंध्याशी कापताना दात मातीला लागला की संपलं, त्यात चेनचा दोष नाही. धारेला ४.८ मिमीची गोल कानस त्यांनीच दिली.

आता कमी काय ते. भाव ऑनलाइनपेक्षा दोनशे अडीचशे जास्त, मला ते मोजण्याचे आणि बसवण्याचे वाटतात पण सगळ्यांना पटेल असं नाही. दुपारी दुकान बंद, साडेतीनच्या आधी जाऊ नका, वाळपईहून येणाऱ्याने सकाळीच निघावं. चेन ऑइल फक्त मोठ्या कॅनमध्ये, एक लिटरचं ठेवलं तर बरं होईल, नाही तर लोक परत गाडीचं जळकं इंजिन ऑइल घालतात आणि बारची वाट लावतात. १.६ ची चेन सांगून मागवावी लागते. गाडी लावायला जागा नाही.

आणि जायचं तर मे महिन्यातच जाऊन या. जूनमध्ये रस्त्यावर, घरांवर झाडं पडायला लागली की तिथे मशीनची रांग लागते, मामा घाई करत नाहीत, प्रत्येकाचा बार तसाच साफ करून तीन ठिकाणी मोजतात, आणि १.५ ची रीळ सगळ्यात आधी संपते.