गूगल फॉर्म, व्हॉट्सॲप की झेरॉक्सची चिठ्ठी? खेड्यातल्या उपदेशकासाठी अभिप्रायाच्या तीन साधनांचं परीक्षण

"पास्टर, लय आशीर्वाद भेटला आज." उपासना संपली की दाराशी हे वाक्य ठरलेलं. ते मनापासून म्हटलेलं असतं, पण संदेशातलं (प्रवचनातलं) काय पोचलं आणि काय सतरंजीवरच सांडलं, हे त्यातून कळत नाही. ते कळून घ्यायला सध्या तीन साधनं हाताशी आहेत. इथे ती विदर्भातल्या खेड्यातली ख्रिस्ती मंडळी डोळ्यांसमोर ठेवून तपासली आहेत. म्हणजे तीस ते साठ माणसं, त्यात निम्म्या बाया, बऱ्याच जणांना लिहायचा सराव नाही, नेट कधी आहे कधी नाही, आणि पाळकाकडे, म्हणजे पास्टरकडे, एका रविवारी दोन-तीन गावं.

गूगल फॉर्म्स फुकट आहे. बनवायला गूगल खातं लागतं, भरणाऱ्याला लागत नाही. मात्र 'एकदाच उत्तर' ही मर्यादा लावली की भरणाऱ्यालाही लॉगइन मागतं आणि अर्धे जण तिथूनच परत फिरतात, म्हणून ती मर्यादा लावू नका. ईमेल गोळा करायची सेटिंग बंद आहे ना, ते लिंक पाठवण्याआधी बघा. नाव, वय, स्त्री-पुरुष हे रकाने काढून टाका. चाळीस जणांच्या मंडळीत 'स्त्री, साठीच्या पुढे' लिहिलं की माणूस ओळखू येतो. उत्तरांच्या तक्त्यात वेळही नोंदली जाते, हे भरणाऱ्यांना आधीच सांगणं प्रामाणिकपणाचं. फॉर्मची खरी अडचण दुसरीच आहे. आवाजात उत्तर देण्याची सोय त्यात नाही आणि नेट नसेल तर उत्तर जात नाही. त्यामुळे फक्त तरुण संघ बोलतो, आणि पाळकाला वाटतं मंडळी बोलली. अकरावी-बारावीची, कॉलेजची मुलं बरीच असतील तिथे त्यांच्यापुरतं हे साधन चांगलं. सगळ्या मंडळीसाठी मात्र ते अपुरं पडतं.

व्हॉट्सॲपचा पोल या कामासाठी घेऊच नये. ग्रुपच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. 'संदेश समजला नाही' यावर पाळकाच्या डोळ्यांदेखत बोट ठेवणारा माणूस गावात सापडणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. व्हॉइस मेसेज मात्र कामाचा आहे. लिहिता न येणारी आजी तिच्या वऱ्हाडीत मिनिटभर बोलली की कागदावर न उतरणारं सगळं कळतं: कुठे अडखळली, कोणती गोष्ट हसून सांगितली. तो ग्रुपवर नको, थेट एकाच ठरलेल्या माणसाला पाठवायचा. रेकॉर्ड करताना माईकचं बटण वर सरकवून लॉक करायचं आणि '1' च्या खुणेवर टिचकी मारायची. मग तो एकदाच ऐकता येतो आणि पुढे पाठवता येत नाही. ऐकणाऱ्याने शेजारी वही ठेवूनच तो उघडावा.

आमची पसंती झेरॉक्सच्या चिठ्ठीला आहे. ए-फोर पानावर तोच मजकूर चार वेळा छापून पान चार तुकड्यांत कापायचं. दहा पानांत चाळीस चिठ्ठ्या होतात. पानाला दोन रुपये धरले तरी वीस रुपये. पेन नको, पेन्सिली ठेवा: शाई गेली की लोक लिहिणंच सोडतात. चिठ्ठ्या दानाच्या थैलीत घ्यायच्या नाहीत, कारण ती थैली खजिनदार उघडतो. झाकणाला चीर पाडलेला पुठ्ठ्याचा वेगळा डबा दाराच्या आतल्या बाजूला ठेवा, पाळक उभा राहतो त्या जागेपासून दूर.

प्रश्न तीनच ठेवा. आज देवाच्या वचनातून ऐकलेली एक गोष्ट एका वाक्यात लिहा. कोणता शब्द किंवा कोणती जागा समजली नाही? मन कुठे दुसरीकडे गेलं? 'संदेश कसा वाटला' हा प्रश्न घालू नका, आणि पाचपैकी गुण तर मुळीच मागू नका. पाळक गावात वडीलधारा; त्याला तीन गुण देणं म्हणजे अपमान, म्हणून सगळे पाच देतात. वरचे तीन प्रश्न मात्र पाळकाला गुण देत नाहीत, ऐकणाऱ्याने काय ऐकलं एवढंच विचारतात. त्यामुळे भिडस्त माणूसही उत्तर देतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याजवळ एक लिहून घेणारा बसवायचा. तो पाळकाच्या घरचा नको, वडील-मंडळातल्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांतल्या) कोणाचा मुलगाही नको. त्याचं काम एवढंच की बोललेलं जसंच्या तसं उतरवायचं. "समजलं नाई बाप्पा, ते समेट का काय" हे वाक्य त्याने 'समेट ही संकल्पना अस्पष्ट वाटली' असं करून टाकलं की अभिप्राय मेला. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीकडे गोंडी बोलणारं कोणी मंडळीत असेल तर लिहून घेणाऱ्याला ती भाषा यायला हवी. तिथे मराठी संदेश मुळातच दुसऱ्या भाषेतून ऐकला जातो.

संदेश द्यायला उभं राहण्याआधी उपदेशकाने स्वतः एक काम करायचं आहे, आणि नेमकं तेच बहुतेक जण टाळतात. आजच्या संदेशाचं एक वाक्य कागदावर लिहून घडी घालून बायबलमध्ये ठेवायचं. चिठ्ठ्या सोमवारी संध्याकाळी उघडायच्या. रविवारी थकवा असतो, आणि थकलेल्या माणसाला एक कडू ओळ वीस गोड ओळींपेक्षा मोठी दिसते. पहिल्या प्रश्नाची उत्तरं त्या घडीतल्या वाक्याशी लावून बघा. वीस चिठ्ठ्यांत सहा जुळल्या आणि चौदांनी उदाहरणातल्या बैलाचीच गोष्ट लिहिली असेल, तर उदाहरणाने वचन झाकलं. वीस चिठ्ठ्यांत वीस वेगळ्या गोष्टी आल्या असतील तर संदेशात एक संदेश नव्हता, चार होते.

मग चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: वचन, मांडणी, व्यवस्था. टिनाच्या छपराखाली भोंग्याचा आवाज घुमतो, पाऊस आला की काहीच ऐकू येत नाही, लाईट गेली की पंखा बंद, हा व्यवस्थेचा ढीग. तो वडीलजनांकडे द्या, त्याचं दुःख उपदेशकाने करू नये. मांडणीच्या ढिगातून एका महिन्यात एकच गोष्ट सुधारायला घ्या. वेग, लांबी, हिंदी शब्दांची भेसळ असं सगळं एकदम धरलं की व्यासपीठावर माणूस स्वतःकडेच बघत उभा राहतो. वचनाचा ढीग मतांनी सोडवायचा नाही. 'पापाबद्दल कमी बोला' असं दहा जणांनी लिहिलं तरी शास्त्रभागात आहे ते सांगावंच लागेल. कसं सांगायचं, एवढंच श्रोत्यांकडून शिकायचं.

समजलं नाही म्हणून येणारे शब्द बहुधा आपले नेहमीचेच असतात. नीतिमत्त्व, प्रायश्चित्त, समेट, पवित्रीकरण. पण खरी कमाई शेतातून येते. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घ्या, ज्यात काही बी वाटेवर पडतं. तिफणीच्या चाड्यातून सरळ तासात बी सोडणाऱ्या, कापसाची टोबणी हाताने करणाऱ्या कास्तकाराला पहिला प्रश्न पडतो, की वाटेवर बी पडलंच कसं? एवढा बेपर्वा कोण? त्या देशात बी मुठीने फेकून पेरत आणि पायवाटा शेतातूनच जात, हे एक वाक्य संदेशात नसेल तर ऐकणारा अर्धा तास त्या पेरणाऱ्यालाच नावं ठेवत बसतो. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 11व्या अध्यायातलं जैतुनाचं कलमही असंच. वरुड-मोर्शीकडचा संत्रावाला जंबेरीच्या रांगड्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा बांधतो. पौल उलटं सांगतो: रानटी फांदी चांगल्या झाडावर. श्रोता म्हणेल, हे चुकलं. ते चुकलेलं नाही. 24व्या वचनात पौल स्वतःच हे निसर्गाविरुद्ध आहे म्हणतो, आणि कृपेचा मुद्दा तिथेच आहे. संत्र्याच्या बागेतल्या माणसाची शंका चिठ्ठीवर आली नसती, तर हे सांगायचं राहूनच गेलं असतं.

चिठ्ठीची पद्धत मोडते ती बहुधा दोन जागी. उपदेशक अक्षर ओळखायला लागतो. तसं होऊ लागलं की चिठ्ठ्या त्याने स्वतः उघडायच्याच नाहीत, लिहून घेणाऱ्याने सगळ्या एका वहीत उतरवून वही द्यायची. दुसरी चूक अधिक वाईट: पुढच्या रविवारी व्यासपीठावरून "कोणीतरी लिहिलंय म्हणे" असं म्हणत उत्तर देणं. त्या दिवसानंतर डब्यात फक्त 'आशीर्वाद मिळाला' येतं. प्रेषितांची कृत्ये 18:24-26 मध्ये अपुल्लोस नावाचा उपदेशक सभास्थानात धैर्याने बोलतो, पण प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला त्याला सभेत अडवत नाहीत. ते त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावतात. तो चांगला वक्ता होता, ही दोघं तंबू शिवणारी. शिकवणाऱ्यांनी जागा निवडली आणि शिकणाऱ्याने ऐकून घेतलं, दोन्ही सारखंच मोलाचं.

म्हणून चिठ्ठीच्या जोडीला पाच जणांचा छोटा गट हवा, दर तीन महिन्यांनी बदलणारा. एक म्हातारी, एक रोजमजुरी करणारा, एक शाळकरी, एक नव्याने येऊ लागलेला, एक जुना विश्वासी. महिन्यातून एकदा अर्धा तास. उपदेशकाने त्या अर्ध्या तासात प्रश्न विचारावेत आणि लिहून घ्यावं, खुलासा एकही देऊ नये. कापूस वेचणीच्या दिवसांत ही बैठक रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेला जोडा, नाहीतर बाया येऊच शकत नाहीत.

रेकॉर्डिंग सोबत असेल तर 'मन कुठे गेलं' याची नेमकी जागा सापडते. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. तो भोंग्याजवळ नको, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. रेकॉर्डिंगचा दर्जा 128 केबीपीएस ठेवला तर अर्ध्या तासाची फाईल 29 एमबीच्या आसपास होते.

दोन गावांत तोच संदेश देणाऱ्यांना एक जास्तीची संधी असते. सकाळच्या गावात निघण्याआधी दोघांना फक्त दुसरा प्रश्न, कोणता शब्द समजला नाही, हा विचारा. दुपारच्या गावात पोचेपर्यंत तो एक शब्द मोडून सोपा करता येतो. आणि पुढच्या महिन्यात त्या पाच जणांना काय बदललं ते आवर्जून सांगा: "समेट म्हणताना आता भांडलेल्या दोन भावांनी एका ताटात जेवायला बसायचं सांगतो, पोचतंय का बघा." आजी पुन्हा बोलेल ती यामुळेच.